अण्णांचा हात आणि बिनतारी माउस

सांगलीच्या बाजारातील एका अडत-पेढीवर गेली काही वर्षे एक व्यवस्था बिनबोभाट चालू होती. पेढीच्या चालू खात्यावरून ऑनलाइन पैसे पाठवावयाचे असल्यास बँकेने दोन माणसांची संमती ठरवून दिलेली होती. रक्कम आणि खातेक्रमांक भरण्याचे काम दिवाणजींचे. भरलेला व्यवहार तपासून मंजूर करण्याचे काम पेढीच्या मालकांचे. या मालकांना घरात आणि बाजारात सारे अण्णा म्हणतात. दोघांचे युजर आयडी वेगळे, पासवर्ड वेगळे. प्रत्यक्षात मात्र दोन्ही पासवर्ड दिवाणजींच्या खणातील एकाच डायरीत, एकाच पानावर लिहिलेले होते. दिवाणजीच व्यवहार भरीत आणि दिवाणजीच तो मंजूर करीत. अण्णांच्या मोबाइलवर ओटीपी आला की अण्णा तो गादीवर बसल्या बसल्या मोठ्याने वाचून दाखवीत.

यात कोणाचीही नियत खोटी नव्हती. दिवाणजी सव्वीस वर्षे पेढीवर होते आणि त्यांच्या हिशेबात आजवर एका रुपयाचा फरक निघालेला नव्हता. ही व्यवस्था पडण्याचे कारण अगदी क्षुल्लक होते. अण्णांना माउस चालविता येत नसे. बहात्तराव्या वर्षी हाताला किंचित कंप आलेला. पडद्यावरचा बाण हव्या त्या जागी ठरत नसे. डबल-क्लिक करताना पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये हात हलून जाई आणि भलतेच काहीतरी उघडे. चार लोकांत दोनतीनदा अशी फजिती झाल्यावर, "हे यंत्र तुम्हीच सांभाळा," असे म्हणून त्यांनी त्यातून अंग काढून घेतले.

यावरून अण्णा संगणकाला बिचकणारे गृहस्थ असावेत असे कोणास वाटेल, पण ते खरे नाही. पेढीवर टॅली आले तेव्हा ती डॉसच्या काळ्या पडद्यावर चालत असे आणि रोजकीर्दीच्या नोंदी अण्णा स्वतः करीत. 1986 साली बेंगळुरूमध्ये गोएंका पितापुत्रांनी उभ्या केलेल्या या उद्योगाने व्यापाऱ्याची नाडी अचूक ओळखली होती. नोंद करणाऱ्याचा हात कळफलकावरून उचलावाच लागू नये अशी त्या प्रणालीची घडण आहे. एफ-4 दाबले की कॉन्ट्रा, एफ-5 ला पेमेंट, एफ-6 ला जमा, एफ-8 ला विक्री, एफ-9 ला खरेदी. अण्णांची बोटे अजूनही या कळा न पाहता दाबतात. पुढे बँक आणि वस्तू व सेवा कर दोन्ही संकेतस्थळांवर गेले, तिथे जागोजागी बाण नेऊन टिचकी मारणे आले, आणि कळांवर हिशेब शिकलेली एक सबंध पिढी त्या वळणावर मागे राहिली. अनेक पेढ्यांवर आज जे वडीलधारे "आपल्याला यातले काही कळत नाही" म्हणतात, त्यांना व्यवहार पुरता कळतो. अडते ते केवळ हाताशी.

या अडण्याची किंमत मात्र हातापुरती राहत नाही. दोन माणसांची संमती ही बँकेने ग्राहकाला त्रास देण्यासाठी घातलेली अट नव्हे. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेला पडावी, यासाठी ती आहे. बँकेच्या नोंदीत माणसाचा चेहरा उमटत नाही, केवळ युजर आयडी उमटतो. अण्णांच्या आयडीने झालेला व्यवहार हा कागदोपत्री अण्णांचाच. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी अनधिकृत ऑनलाइन व्यवहारांतील ग्राहकाच्या जबाबदारीविषयी जे परिपत्रक काढले, त्यात ग्राहकाने आपली पासवर्डसारखी माहिती स्वतःच दुसऱ्यास दिली असेल, तर बँकेला कळवीपर्यंत झालेले सारे नुकसान ग्राहकाने सोसावे असे स्पष्ट म्हटले आहे. आणि उद्या काही विपरीत घडलेच, तर पहिले बोट कोणाकडे वळेल? डायरी ज्यांच्या खणात आहे त्यांच्याकडे. सव्वीस वर्षांची निष्ठा एका पानापायी संशयात येणार. गंमत अशी की ही गोष्ट अण्णांच्या आधी दिवाणजींच्या ध्यानात आली होती. संकोचापोटी ते बोलत नव्हते इतकेच.

बोलण्याचा प्रसंग त्यांच्या मुलीच्या लग्नाने आणला. लग्न महिन्याच्या 19 तारखेचे, आणि 3-बी विवरणपत्राची मुदत 20 ची. अण्णांचे चिरंजीव हळदीच्या व्यवहारासाठी परगावी जाणार. दिवाणजी म्हणाले, "अण्णा, चलन आणि इतर देणी मी भरून ठेवून जातो, पण मंजुरी तुम्हीच द्यावी. या खेपेला पासवर्ड बदलूनही घ्या. माझ्याही डोक्यावरचा भार उतरेल." अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी नातीला हाक मारली.

नात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिने प्रथम पेढीवरचा माउस पाहिला. दिवाणजींच्या सोयीसाठी संगणक त्यांच्या टेबलावर होता आणि माउसची तार जेमतेम हातभर. अण्णांना गादीवरून उठून, तिथल्या उंच खुर्चीत तिरके बसून, खांदा वर करून माउस धरावा लागे. अशा बसण्यात तरण्या माणसाचाही हात स्थिर राहणार नाही. तारेविना चालणारा माउस आणल्यास तो अण्णांच्या हाताच्या उंचीवर, त्यांच्या बैठ्या मेजावर ठेवता येईल, हे तिच्या लक्षात आले. बिनतारी माउसचा खरा लाभ हाच. टेबल सुटसुटीत दिसते हा नंतरचा.

खरेदी करताना तिने आजोबांना सोबत नेले, हे शहाणपणाचे झाले. दुकानदार बहुधा प्रवासात न्यावयाचा चिमुकला माउस पुढे करतो. तो खिशात मावतो, पण तळहाताला टेकत नाही आणि बोटांच्या टोकांनी धरावा लागतो. त्याने कंप अधिकच वाढतो. माउस तळहात पूर्ण टेकेल एवढा मोठा असावा. खरेदी करणाऱ्याने डबा उघडवून तो स्वतःच्या हातात धरून पाहावा, जसे चपलेत पाय घालून पाहतो. किमतीतील फरक फारसा नसतो.

नव्या माउसच्या पोटात एक किंवा दोन पेन्सिल सेल बसतात. अनेकदा सेल आधीच बसविलेला असतो आणि त्याच्या टोकाशी प्लास्टिकची एक पातळ पट्टी असते. ती ओढून काढल्याशिवाय वीज वाहत नाही. संगणकाला लावावयाचा नखाएवढा रिसीव्हर पुष्कळदा त्याच सेलच्या कप्प्यात खोचलेला असतो आणि न पाहणारा माणूस तो डब्यात नाही म्हणून दुकानदाराशी भांडावयास जातो. माउसच्या तळाशी एक छोटी खटकी असते, ती चालू करावी लागते. एवढे झाले की रिसीव्हर यूएसबी खाचेत घालताच विंडोज त्याला अर्ध्याएक मिनिटात ओळखते. ब्लूटूथ जातीच्या माउसला रिसीव्हर लागत नाही. त्याचे जोडणीचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत काही सेकंद दाबून धरावे आणि संगणकाच्या ब्लूटूथ यादीतून त्याचे नाव निवडावे. पेढीवरच्या जुन्या संगणकात ब्लूटूथ असेलच असे नाही, म्हणून रिसीव्हरचा माउस बरा. मात्र स्वस्त माउसचा रिसीव्हर हरवला तर माउसही निकामी होतो, कारण ती जोडी कारखान्यातच बांधलेली असते. एकदा लावलेला रिसीव्हर काढू नये हे उत्तम.

पेढीवर आल्यावर पहिल्याच दिवशी माउस चालेना. बाण थबके, मध्येच उडी मारी, पुन्हा थबके. अण्णांच्या चेहऱ्यावर "मी म्हणालोच होतो" हा भाव उमटला. दोष त्यांचाही नव्हता आणि माउसचाही नव्हता. अण्णांच्या मेजावर जाड काच होती आणि काचेखाली जुने फोटो, भावपत्रके, भेटकार्डे. आजच्या माउसच्या पोटात एक दिवा आणि एक सूक्ष्म कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो आणि एका चित्रातील बारीक रेषा पुढच्या चित्रात किती सरकल्या यावरून हात कुठे गेला हे ठरवितो. गुळगुळीत काचेवर त्याला टिपण्यासारखे काही सापडत नाही. सराफांच्या आणि कापड दुकानदारांच्या काउंटरवर हीच अडचण येते आणि माउस खराब म्हणून परत जातो. नातीने कपाटातून लाल कापडी बांधणीची एक जुनी कोरी खतावणी काढून मेजावर ठेवली. कापडाचा पोत माउसला फार मानवतो. त्या लाल पुठ्ठ्यावर बाण सुतासारखा सरळ धावला. नंतर रीतसर माउस पॅड आले, पण अण्णांना अजून ती खतावणीच बरी वाटते.

दुसरी खोड दिवसाअखेर उघडकीस आली. सायंकाळी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेण्याची रीत होती. बॅकअप सुरू झाला की नेमका त्याच वेळी बाण अडखळू लागे. दिवाणजींना वाटले, संगणकावर ताण येत असावा. खरे कारण वेगळे होते. बिनतारी माउस 2.4 गिगाहर्ट्झ या लहरींवर बोलतात आणि निळ्या जिभेच्या वेगवान यूएसबी-3 खाचेतून डेटा वाहू लागला की त्याच पट्ट्यात रेडिओ-गोंगाट निर्माण होतो. इंटेल कंपनीने 2012 साली यावर एक तांत्रिक टिपणच प्रसिद्ध केले होते. पेढीवर रिसीव्हर आणि हार्ड डिस्क शेजारी-शेजारच्या खाचांत होते, आणि सीपीयूचा डबा लोखंडी तिजोरीला चिकटून. उपाय स्वस्तातला निघाला. हातभर लांबीची यूएसबी जोडतार घेऊन रिसीव्हर मेजाच्या कडेपर्यंत आणला. बिनतारी माउससाठी पुन्हा तार घ्यावी लागली यावर अण्णा मनापासून हसले.

आता मुख्य गोष्ट. माउस बसविणे म्हणजे तो जोडणे, असे बहुतेक जण समजतात आणि तिथेच थांबतात. कारखान्यातून माउस आणि विंडोज कोणत्यातरी सरासरी हातासाठी जुळवलेले येतात. तो हात बहात्तर वर्षांचा नसतो. शिंप्याने शिवलेला सदरा अंगाला बेतावा तसा माउसही हाताला बेतावा लागतो, आणि ती सारी सोय आतच असते. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, त्यात ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, त्यात माउस, असे गेले की बाणाच्या वेगाची पट्टी दिसते. नातीने ती बरीच मागे ओढली. बाण सावकाश चालू लागला आणि हाताचा कंप पडद्यावर पूर्वीइतका मोठा होऊन उमटेनासा झाला. तिथूनच अॅडिशनल माउस सेटिंग्ज उघडल्यावर एक पिवळे फोल्डर समोर येते. त्याच्या शेजारच्या पट्टीने डबल-क्लिकमधले अंतर किती चालेल ते ठरविता येते. अण्णांनी त्या फोल्डरवर टिचक्या मारून पाहाव्यात आणि ते उघडेपर्यंत नातीने पट्टी सरकवावी, असा क्रम चालला. पाचव्या खेपेस ते उघडले. वर्षानुवर्षांची अडचण एवढीशी होती.

त्याच खिडकीच्या दुसऱ्या पानावर, हात झटक्याने हलला तर बाण अधिक दूर नेणारी एक खूण आधीपासून लावलेली असते. कंप असलेल्या हाताला ती त्रासदायक ठरू शकते. नातीने ती काढली. कंट्रोलची कळ दाबताच बाणाभोवती वर्तुळे उमटून तो कुठे आहे हे दाखविणारी खूण मात्र लावली, कारण पांढऱ्या पानावर पांढरा बाण हरवणे ही अण्णांची जुनी तक्रार. ॲक्सेसिबिलिटी या भागातून बाणाचा आकार मोठा आणि रंग काळा केला. माउसच्या चाकामागे आणखी एक छोटे बटण असते. ते चुकून दाबले गेले की बाणाचा वेग एकदम बदलतो आणि माणूस गोंधळतो. ते बटण कशाचे, हे आधीच सांगून ठेवावे.

यावर दिवाणजींनी रास्त हरकत घेतली. "ताई, या गोगलगायीच्या वेगात माझे दिवसाचे काम व्हायचे नाही." संगणकाला एका वेळी दोन माउस जोडता येतात, दिवाणजींचा तारेचा आणि अण्णांचा बिनतारी, आणि दोन्ही एकच बाण हलवितात. पण वेगाची मांडणी माउसला धरून नसते, विंडोजमधील वापरकर्त्याला धरून असते. म्हणून नातीने अण्णांच्या नावे विंडोजमध्ये स्वतंत्र खाते उघडले. अण्णा आपल्या पासवर्डने आत गेले की बाण मोठा, काळा आणि संथ. दिवाणजी गेले की पूर्वीचा. बँकेने दोघांना वेगळे ठेवले होते, ते वेगळेपण आता संगणकातही आले. अशी दोन खाती प्रत्येक पेढीवर असावीत आणि ती माउस येण्याची वाट न पाहता असावीत.

सुरक्षिततेचा आणखी एक पदर येथे सांगणे भाग आहे. बिनतारी माउसचे बोलणे हवेतून जाते. 2016 साली अमेरिकेतील बॅस्टिल या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की अनेक नामांकित बनावटींचे रिसीव्हर सांकेतिक कुलूप न लावलेले संदेशही स्वीकारतात आणि काही अंतरावर बसलेला माणूस माउसचे सोंग घेऊन त्या संगणकात अक्षरे टंकू शकतो. या प्रकाराला त्यांनी माउसजॅक असे नाव दिले. ब्लूटूथचे माउस त्यातून वगळलेले होते. याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र ज्या संगणकावरून पैसे पाठविले जातात, तिथे आठ-दहा वर्षांपूर्वीचा जुना किंवा निनावी बिनतारी माउस लावू नये, आणि जागेवरून उठताना विंडोजची कळ व एल दाबून पडदा बंद करावा.

सराव मात्र अण्णांनी बँकेच्या पानावर केला नाही. नातीने त्यांना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळ उघडून दिला. पत्ता धरणे, ओढणे, नेमक्या जागी सोडणे, सारे हात आपोआप शिकतो. पेढीवर पत्ते, हे ऐकून आधी अण्णांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तीन दिवसांनी दुपारच्या वेळी ते स्वतःच खेळ उघडू लागले. बँकेच्या पानाविषयी नातीने दोनच गोष्टी बजावल्या. तिथे कधीही डबल-क्लिक करावयाचे नाही, एकच टिचकी मारून थांबावयाचे. आणि रक्कम किंवा नाव निवडल्यावर माउसचे चाक फिरविण्यापूर्वी बाजूच्या मोकळ्या जागेत एक टिचकी मारावयाची. काही संकेतस्थळांवर बाण चौकटीत असताना चाक फिरले तर पान सरकण्याऐवजी चौकटीतील आकडा किंवा यादीतील नावच बदलते. ही दुसरी गोष्ट अनेक तरुणांनाही ठाऊक नसते.

18 तारखेला दिवाणजी रजेवर गेले. त्याच सकाळी अण्णांनी आपला पासवर्ड स्वतः बदलला आणि तो कोठेही लिहिला नाही. 19 ला पेढी बंद ठेवून सारे लग्नास जाऊन आले. 20 ला मंजुरीच्या यादीत सहा व्यवहार वाट पाहत होते. चलन अण्णांनी प्रथम मंजूर केले. मग एकेक देणे उघडून, बिल हातात धरून, त्यांनी आकडा ताडून पाहिला. पूर्वी ओटीपी वाचून दाखविताना असे ताडण्याचा प्रश्नच नव्हता. ट्रकभाड्याच्या एका बिलापाशी ते थांबले. तीच रक्कम, तोच बिल क्रमांक यादीत दोनदा होता. लग्नाच्या घाईत दिवाणजींकडून दोनदा भरला गेला होता. अण्णांनी एक मंजूर केला आणि दुसऱ्यापुढील नामंजूरचे बटण शोधून, बाण त्यावर नेऊन, एकच टिचकी मारली. सगळ्या कामाला पाऊण तास लागला. दिवाणजींना हे काम दहा मिनिटांचे.

दिवाणजी परतले तेव्हा अण्णांनी त्या बिलाचा विषय सहज बोलण्यात काढला. दिवाणजी ओशाळले, मग त्यांनी खणातून डायरी काढली, ते पान फाडून त्याचे बारीक तुकडे केले आणि अण्णांच्या हातात दिले. आता गल्ल्यात पेन्सिल सेलची एक जादा जोडी असते. बाण सुस्तावू लागला की दोन्ही सेल एकदम बदलावेत, जुना-नवा एकत्र घालू नये, आणि दिवाळीच्या सुटीत पेढी बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत म्हणजे ते आत पाझरत नाहीत, हे अण्णा आता शेजारच्या पेढीवाल्यांना सांगतात. दिवाणजींचा तारेचा माउस आपल्या जागी तसाच आहे. महिन्याच्या 20 तारखेला सेल संपलाच, तर अण्णा तोच ओढून घेतात.